बिल्ल्यांचा खोका

मित्सुयोबाईंनी आकडे घातलेले चाळीस लाकडी बिल्ले मागवून ठेवले होते, पण खोका उघडायला हात धजत नव्हता. बिल्ले लावायचे म्हणजे किसाबुरोकाकांना घरी बसवायचं.

जपानातल्या अकिताच्या डोंगरात, गरम झऱ्याकाठी बाईंचं जुनं लाकडी हॉटेल होतं. पाहुणा दारात बूट काढून आत गेला, की ते काकांच्या ताब्यात. चिठ्ठी नाही, आकडा नाही. पाहुणा जिना उतरेपर्यंत त्याचेच बूट, टाचा त्याच्याकडे करून, पायरीपाशी हजर. एकेचाळीस वर्षं असंच चाललं होतं. या हिवाळ्यात मात्र दोनदा गफलत झाली. एका वकिलाला तर त्यांनी शेजारच्या खोलीतल्या कॉलेजकुमाराचे बूट दिले.

"काका, आता बिल्ले लावू या," बाई सकाळी म्हणाल्या.

"लावा की. एक माझ्या कपाळावरही लावा, म्हणजे मीही हरवायचो नाही."

"जीभ मात्र अजून तरणी आहे हो तुमची! नऊच्या बसने वीस माणसं निघतायत. एक जरी चूक झाली, तरी आजच बिल्ले लागतील."

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. नवी नवरी म्हणून त्या या दारात आल्या, तेव्हा त्यांचे बूट याच माणसाने उचलून ठेवले होते.

पावणेनऊला पाहुणे खाली उतरू लागले. काका फळीवरून जोड काढत होते, पायरीपाशी मांडत होते. बाई श्वास रोखून मोजत होत्या. अठरा झाले. एकोणीस झाले. शेवटी ओगिनुमाबाई उतरल्या. दर हिवाळ्यात नवऱ्याबरोबर यायच्या, यंदा एकट्याच आल्या होत्या. चिमणीएवढी बाई, आणि काकांनी तिच्यापुढे ठेवले पुरुषाचे भलेथोरले तपकिरी बूट!

संपलं, मित्सुयोबाईंच्या मनात आलं. "माफ करा हं, आत्ता बदलून देते," म्हणत त्या धावल्याच.

"राहू द्या. माझेच आहेत," ओगिनुमाबाई म्हणाल्या. त्यांनी बुटात पाय घातले आणि थबकल्या. "काल येताना मोठे होत होते. आज बसले कसे?"

काका मान खाली घालून पुटपुटले, "पुढे जरा कापूस भरलाय. बर्फात पाय सटकायला नको. साहेबांचे बूट बावीस वर्षं पुसलेत मी. काल तुमच्या पायांत बघितले, आणि कळलं."

ओगिनुमाबाईंनी वाकून काकांना नमस्कार केला आणि तशाच बराच वेळ वाकून राहिल्या. मित्सुयोबाईंना तर रडूच आवरेना.

बस वळणाआड जाईपर्यंत दोघांनी हात हलवले. बाईंनी खोका उचलला आणि माळ्यावर टाकून आल्या. एवढ्यात फोन वाजला. बसमधले दोन गृहस्थ एकमेकांचे बूट घालून गेले होते.

"अगंबाई! चूक माझीच हो, मीच मांडले होते," बाई बेधडक म्हणाल्या.

काका दारातूनच ओरडले, "कुणाचा फोन, मालकीणबाई?"

"बसमधल्यांचा. पुढच्या वर्षीही काका दारात असतील ना, विचारत होते."

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, जातायत कुठे!"