वाटणीतल्या दोघी

अंगणात सकाळपासून दोन रांगा लागत होत्या. थोरल्या सूर्यभानकडे तीन बैल, धाकट्या भगवंताकडे तीन. इकडे वखर, तिकडे नांगर. तांब्याचा हंडा इकडे गेला तशा धाकट्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, म्हणून पितळी पराती तिकडे गेल्या. त्यांचे वडील महादेवराव जाऊन दोन महिने झाले होते. कापसाची वेचणी लागायच्या आत वाटणी उरकायची दोघांनाही घाई होती. अठराशे त्रेसष्टचा कार्तिक होता, आणि त्या साली वऱ्हाडातल्या पांढऱ्या बोंडाला सोन्याची कळा आली होती.

भांडी संपली. मग हंडा दाखवला होता त्याच बोटाने सूर्यभानने दाखवले.

"मैना इकडं. जमुना तिकडं."

मैना चुलीशी बसून वाटणीला आलेल्या पंचांसाठीच भाकरी थापत होती. हात परातीत तसाच राहिला.

जुन्या दुष्काळात, सहा वर्षांची असताना, महादेवरावांनी तिला पाच पायल्या जवारी देऊन घेतले होते. देणारा तिचा बाप होता की चुलता, हे तिला आठवत नव्हते. पोत्याचे तोंड बांधणारे हात तेवढे आठवत होते. दोन वर्षांनी भगवंत जन्मला आणि तो तिच्या कडेवर वाढला. घरच्या गड्यांना सालाचे धान्य मिळे, वेचणाऱ्या बायांना वेचल्या कापसातला वाटा मिळे. मैनेला काही मिळत नसे. कोणी विचारलेच तर घरातले सगळे एका सुरात सांगत, "ते घरचीच हाये."

जमुना तिची लेक, पंधरा वर्षांची. तिचा बाप कोण, हे गावात कोणी विचारत नसे. तिच्या हनुवटीची खळी महादेवरावांची होती, आणि भगवंताचीही तीच होती. पहाटे जात्यावर मैना गायची ती ओवी सगळ्या घराच्या कानावर पडे, आणि कोणी ती ऐकत नसे:

*येचता कपूस, बोटं फाटली बोंडानं,*
*घरची म्हनते मले, गोड गोड तोंडानं.*

आठ दिवसांपूर्वी अमरावतीहून एका व्यापाऱ्याचा गुमास्ता, गोवर्धन, उभ्या पिकाचा अंदाज घ्यायला आला होता. ओट्यावर सुपारी कातरत त्याने या सोन्याच्या भावाचे मूळ सांगितले होते.

"तिकडं अमेरिकेत लढाई पेटली ना बाप्पा, तिकडला कपूस बंद झाला. कापसाच्या मुलखात काया कातडीची मानसं इकत घेतेत, इकतेत. मायले एक धनी, लेकराले दुसरा."

"मंग भांडन कायचं?" सूर्यभानने विचारले.

"अर्धा देश म्हने, नव्या जमिनीवर हे चालू देनार नाई. दुसरा अर्धा म्हने, आमचा माल आमी नेऊ तिकडं नेऊ. कोनी पयून गेला, तं धरून वापस द्या, असा कायदा केला. वापस देनाऱ्याईलेच मंग लाज वाटू लागली. सालोसाल तंडले. भर सभेत एकानं दुसऱ्याले काठीनं फोडलं. आता तोफा."

भगवंताचे डोळे खरोखरच भरून आले होते. "मायलेकरं तोडतेत? रानटी लोक म्हनाव," असे म्हणून त्याने हात पुढे केला, आणि मैनेने त्याच्या हातात पाण्याचा गडवा दिला.

आता तोच भगवंत पंचांपुढे म्हणत होता, "मले जमुना चालते."

मैना उठली. पीठ लागलेल्या हातांनीच अंगणात आली आणि पंचांचे म्होरके नत्थुजी बसले होते त्या घोंगडीपुढे उभी राहिली.

"पंचहो, म्या या घरात तीस सालं काढले. घरची म्हनून मजुरी घेतली नाई. घरची हावो ना मी?"

"हाव वं. कोन नाई म्हनते?" नत्थुजी म्हणाले.

"मंग घरच्याचा वाटा द्या. लय नाई. एक खोली अन् वावराच्या धुऱ्याजवयचा तुकडा. मी अन् माही पोट्टी एका जागी राहू."

घोंगडीवर हसू फुटले. नत्थुजींनी मिशा पुसल्या.

"तुले कायचा वाटा वं? तूच वाट्यात हायेस."

कुंपणाशी भाजीची पाटी घेऊन मनकर्णाबाई माळीण उभी होती. तिचे तोंड गावात कोणाला आवरत नसे. "नत्थुजी, वांगं घ्या," ती म्हणाली. "तुमच्यासारखंच हाये, वरून चकचकीत."

"तू गप, मनकर्णे."

"गप हावो. पन ते पोट्टी कोनासारखी दिसते, ते तेवढं पाहा एकडाव, मंग वाटा."

अंगणात सगळ्यांनी दाराशी उभ्या जमुनेकडे पाहिले. फक्त सूर्यभानने पाहिले नाही. त्याचा चेहरा काळवंडला आणि तो एकदम धाकट्यावर घसरला.

"तुले जमुना पायजे ना? काहून? दिवसाले दोघीइचा कपूस येचते म्हनून. जुनी माह्या गयात, तरनी तुले."

"तूच वाटा पाडला, दादा."

"मोडला म्या तो. दोघीबी माह्या. थोरला हावो मी."

"अन् कायदा का थोरल्याचा हाये?" भगवंताने वखराचा दांडा उचलला. सूर्यभानच्या हातात काठी होतीच. पहिला फटका कोणी मारला यावर पुढे गावात दोन मते झाली. फटका भगवंताच्या खांद्यावर बसला एवढे खरे. पंच मध्ये पडले, बैलांनी दावी तोडली, हंडा घरंगळत उकिरड्यापर्यंत गेला. एका आईच्या दोन लेकरांनी एकमेकांचे रक्त काढले, असे लोक हळहळून म्हणाले. कशासाठी काढले, ते कोणी म्हणाले नाही. दोघांपैकी एकालाही मैना मोकळी व्हायला नको होती.

मैनेने हात पुसलेसुद्धा नाहीत. जमुनेचे मनगट धरले. भांडणाऱ्यांच्या पाठीमागून दोघी कुंपणाबाहेर पडल्या. मनकर्णाबाईने पाटीतली चार वांगी जमुनेच्या ओटीत टाकली आणि अंगणाकडे तोंड करून वाट अडवल्यासारखी उभी राहिली.

अमरावतीच्या गाडरस्त्यावर वेचणी आधी लागलेल्या गावांच्या कापसाच्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या. दोघी कडेने चालत होत्या. ऊन डोक्यावर आले तेव्हा मागून टापा वाजल्या. भगवंत घोड्यावरून उतरला. त्याच्या खांद्यावर रक्त वाळले होते.

"मैना, घरी चाल," तो मऊ आवाजात म्हणाला. "पंचाईनं ठरवलं. तू दादाकडं, जमुना माह्याकडं. जो तुमाले आसरा देईन, त्यानं वापस आनून द्यावं, असं आसपासच्या गावाईले कयवून राहिले. काहून फजिती करून घेता? सनावाराले मी धाडत जाईन तिले तुयाकडं."

मैना थांबली. तिचा आवाज चढला नाही.

"भगवंता, त्या परमुलखातल्या मायलेकराईसाठी तुये डोये भरले व्हते."

"हाव, मंग?"

"मी तवा कोठं व्हती?"

त्याला खरेच आठवेना.

"तुले पानी देऊन राहिली व्हती," मैना म्हणाली.

भगवंताने पुढे होऊन जमुनेचा दंड धरला. पोरगी ओरडली नाही. तिने त्याचे एक एक बोट धरून उलगडले, बोंडातून कापूस ओढावा तसे, आणि शेवटचे बोट इतके मागे वाकवले की तो कळवळून मागे सरला. दोन गाड्या थांबल्या. गाडीवान खाली उतरून पाहू लागले. एकजण म्हणाला, "काय गा, कोन लागते ते तुही?"

गाडीवानांकडे पाहून भगवंताने पागोटे नीट केले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाला, "जा. म्या सोडलं तुमाले."

मैना दहा पावले पुढे गेली होती. ती परत आली. त्याच्या इतकी जवळ आली की तिच्या हातांचे पीठ त्याला दिसले असेल.

"तू नाई सोडलं," ती म्हणाली. "तुयाच्यानं धरवलं नाई. आमी चाललो."

मग दोघी गाड्यांच्या धुळीत शिरल्या. पुढे त्या बडनेऱ्याकडे कोणाच्या तरी शेतात वाट्याने वेचताना दिसल्या, असे मनकर्णाबाई सांगत असे.

त्या घराण्यात मात्र अजून कौतुकाने सांगतात, की भगवंतराव मोठ्या मनाचे, त्यांनी आपल्या दासी आपणहून मोकळ्या केल्या. साफ खोटे आहे ते.