मेचं फूल

माझी नणंद चर्चची वेदी फुलांनी सजवते. तिच्या पाठीमागे आम्ही तिला बिशपबाई म्हणतो, कारण घरातल्या प्रत्येक वाढदिवसाला ती सकाळीच त्या महिन्याचं फूल घेऊन हजर होते आणि त्याचा अर्थ सांगितल्याशिवाय कुणाला केक कापू देत नाही. जानेवारीचं स्नोड्रॉप म्हणजे आशा, फेब्रुवारीचं व्हायोलेट म्हणजे मरियामातेची नम्रता, मार्चचं डॅफोडिल म्हणजे पुनरुत्थान. माझी लेक मात्र मेमध्ये जन्मली, आणि मेचं फूल लिली ऑफ द व्हॅली. क्रुसाखाली मरियामातेचे अश्रू पडले तिथे ते उगवलं, असं नणंदेने बाळाच्या पाळण्यापाशी उभं राहून सांगितलं. म्हणजे माझ्या लेकीच्या नशिबी रडणंच! या बाईच्या जिभेला हाड म्हणून नाही.

तेव्हापासून लेकीच्या वाढदिवसाला मी गुलाब आणते. गुलाब जूनचा. मरियामातेचा गुलाब बिनकाट्यांचा असतो म्हणतात, म्हणून मी एकेक काटाही काढत बसते. नणंद नाक मुरडते, मी काणाडोळा करते.

यंदा वाढदिवसाला लेक माहेरीच होती, दिवस भरत आलेले. तिचं पहिलं बाळ जन्मलं ते रडलंच नव्हतं. दाराबाहेर आम्ही श्वास रोखून थांबलो होतो, आणि आतून काहीच ऐकू आलं नाही. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी जूनची तारीख दिली होती. जून म्हणजे गुलाब, म्हणजे सगळं नीट होणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं. मे एकदाचा सरावा म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. लेक नुसती शिंकली तरी धावत जायचे.

वाढदिवसाच्या सकाळी मी नणंदेला फाटकातच गाठलं आणि आज रिकाम्या हाताने आत चला, असं बजावलं. तिच्या हातात ओल्या कागदात गुंडाळलेली जुडी होती, मेच्याच फुलांची, इवल्या पांढऱ्या घंटांची. आमची बाचाबाची चाललेली असतानाच लेक दारात आली. चौकट घट्ट धरून उभी होती. कळा सुरू झाल्या होत्या.

काहीतरी करायचं म्हणून मी आतून गुलाब आणून तिच्यापुढे धरले. तिने ते हळूच बाजूला सारले.

“आत्या, माझं फूल दे,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आई, तू मला रडूच दिलं नाहीस गं. बाळ गेलं तेव्हासुद्धा.”

मी गुलाब पायरीवर ठेवले. वाढदिवसासाठी आलेल्या जावयाने गाडी काढली.

दवाखान्यात लेकीला आत नेलं तेव्हा ती जुडी तिच्या मुठीत होती. जावई येरझाऱ्या घालत होता. नणंद आणि मी बाकावर चिकटून बसलो. आतून लेकीचं ओरडणं येत होतं, मग तेही थांबलं. अगदी मागच्यासारखं शांत झालं. मी नणंदेचा हात घट्ट धरला. ज्या रडण्याला मी उभा जन्म घाबरले, त्याच्यासाठीच देवापुढे पदर पसरला होता. मे तर मे, म्हटलं, पण रडू दे.

आणि बाळ रडलं, चांगलं टाहो फोडून.

मग मीही रडले. नणंद माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. या वेळी तिने कसलाच अर्थ सांगितला नाही.