पेच्चियम्माळचा अर्ज

माझ्या सासूबाईंना सरकारने गुंड ठरवलं, तेव्हा त्यांचे दोन्ही गुडघे सुजलेले होते.

पेच्चियम्माळ म्हणजे आमच्या मिठागरावरचं मोठं प्रस्थ. उन्हात मीठ ओढणाऱ्या बायकांना प्यायला गोडं पाणी मिळेना, म्हणून सात जणींना घेऊन त्या मालकाच्या लॉऱ्यांपुढे बसल्या. कुणीतरी दगड मारला, काच फुटली आणि आठही जणी मदुरैच्या तुरुंगात गेल्या.

आमचे वकील अरुळदास यांनी सगळ्यांचे जामीनअर्ज तयार केले. सासूबाई सही करेनात.

"आधी पोरी. शेवटची बाहेर पडली की माझा अर्ज घाला," त्या जाळीपलीकडून म्हणाल्या.

"अत्तै, ही काय पंगत आहे का, सगळ्यांना वाढून मग स्वतः बसायला?" मी चिडले. "तुमचा मुलगा जेवत नाहीये घरी."

"चिंच घालून माशाचं कालवण कर. जेवेल."

वीट आणला बाईने! जामीनदार मिळतील तशा पोरी सुटत होत्या. शेवटची सुटते न सुटते, तोच जिल्ह्याच्या साहेबांनी सासूबाईंवर गुंडा कायद्याखाली हुकूम काढला. खटला चालेल तेव्हा चालेल, पण ही बाई पुढे दंगा करेल, म्हणून वर्षभर आत. आता जामीन मिळूनही उपयोग नव्हता.

"सगळ्या सुटल्या, हीच अडकली," माझा नवरा चेल्लदुरै भिंतीला टेकून म्हणाला. "हट्टापायी तिथेच मरायची." मलाही तीच भीती होती.

अरुळदासांनी आमच्या ओसरीवर बसून हुकूम वाचला. मग परत वाचला आणि एकदम हसायला लागले. मला त्यांचा रागच आला.

"इसक्की, ऐक. 'सदर बाईने जामिनासाठी अर्ज केला असून ती सुटण्याची दाट शक्यता आहे, म्हणून तिला स्थानबद्ध करणे भाग आहे.' कुठाय हा अर्ज?"

"त्यांनी केलाच नाही."

"तेच तर! बाकीच्यांनी केला, म्हणजे म्हातारीनेही केला असणार, असं धरून चाललेत. आधीच आत असलेली बाई सुटेल कशावरून, हे साहेबांना दाखवावं लागतं. वरच्या कोर्टाने कितीदा बजावलंय. याचिका तुझ्या नावाने घालू."

हायकोर्टात न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, "अर्जच नाही, तर ही बाई सुटणार हे साहेबांना कळलं कसं?" सरकारी वकील कागद उलटत राहिले. हुकूम रद्द झाला. ज्या हट्टाला आम्ही शिव्या घातल्या, त्यानेच सरकारला गप्प केलं होतं. तिथेच ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटलं, ही माझी सासू आहे.

मूळ खटल्यात जामीन अजून घ्यायचाच होता. पण सातही जणी घरी पोचल्या होत्या, तेव्हा आता सासूबाईंनी मुकाट सही केली. कोर्टाने स्वतःचं घर असलेले दोन जामीनदार मागितले आणि घरपट्टीच्या पावत्या घेऊन अख्खं गाव आवारात आलं. "दोनच पाहिजेत!" शिपाई ओरडत होता, पण कुणी हटेना. माझा नंबर लागायच्या आत दोघांचं काम झालं. मी हिरमुसले. आमचं घर सासूबाईंनीच माझ्या नावावर केलं होतं, त्याची पावती कमरेला तशीच राहिली.

तुरुंगाच्या दारात चेल्लदुरै लहान मुलासारखा रडला.

"जेवलास का?" त्यांनी त्याला विचारलं. मग माझ्याकडे वळल्या. "आत आंडाळ म्हणून एक आहे. जामीन कधीचा मंजूर झालाय, पण तिच्यासाठी उभं राहणारं कुणी नाही."

"अत्तै, आधी घरी तर चला!"

"घर कुठे पळून चाललंय?"

त्या दारातून हलेनात. मी कमरेची पावती काढून अरुळदासांच्या हातात दिली.

"आंडाळची जामीनदार म्हणून नाव लिहा," मी म्हटलं. "इसक्की. पेच्चियम्माळची सून."