डाव्या डोळ्याची बंदूक

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा डोळा बिघडला. पडद्याला भोक पडलं, ऑपरेशन झालं, आणि तरी बरोबर मधोमध एक धुरकट ठिपका राहिला तो राहिलाच. समोरच्या माणसाचे कान दिसतात, केस दिसतात, नाक तेवढं गायब. बिननाकाच्या माणसांची सवय करून घेता येते. पण मी एअर रायफल चालवते, आणि निशाणा नेमका मधोमधच असतो.

कॉलेजात एनसीसीमध्ये शिकले होते. लग्नानंतर बदल्यांच्या सामानात ते कुठेतरी दबून गेलं, आणि जयपूरला आल्यावर मालवीय नगरच्या एका क्लबात पुन्हा हाती धरलं. घरदार, मुलीची शाळा, सणवार, पैपाहुणा, सगळं मी मनापासून केलं. तरी कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही, नुसती इंदुमती असायची माझी जागा ती एकच होती.

डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्यानं बघा. क्लबातले म्हणाले, मग बंदूक डाव्या खांद्यावर घ्या. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? घेतली डाव्या खांद्यावर. डाव्या हातानं पोळी लाटावी तसा प्रकार झाला. बोट ट्रिगरवर ठेवलं की ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं वागायचं. शेवटी एक दिवस डोकं फिरलं आणि मी शेजारच्या क्वार्टरमधल्या मोनालीला सांगून टाकलं, रविवारी ये आणि माझी बंदूक घेऊन जा. पोरगी कॉलेजात आहे, चांगली नेम धरते, तिच्याकडे उसनी बंदूक. ती आनंदानं उड्या मारत गेली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले.

आमचे हे, म्हणजे उत्तम सोनोने, रेल्वेत रुळांचे इंजिनियर. मूळचे आम्ही अकोल्याचे, आता जयपूरच्या खातीपुऱ्यात, रेल्वे क्वार्टरमध्ये. समजूत घालणं ह्यांच्या स्वभावात नाही. माझं रडणं ऐकलं, दारात जरा उभे राहिले, आणि टेप आणून माझ्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं. मी म्हटलं, चष्म्याचं दुकान काढताय की काय? दोन-तीन दिवसांनी एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा एक वाकडा तुकडा बनवून आणला, सोबत एक दुर्बीण.

तो होता तिरका माउंट, म्हणजे दुर्बीण बसवायची बैठक. बंदूक उजव्याच खांद्यावर राहणार, पण दुर्बीण डावीकडे सरकून माझ्या डाव्या डोळ्यासमोर येणार. आणि बाजूनं बघायचं म्हणून ती केसभर आत कललेली, म्हणजे डोळ्याची रेघ आणि नळीची रेघ दहा मीटरवर, बरोबर निशाण्याच्या कागदावर भेटतील. मी वरवर म्हटलं, हे असलं काही चालत नसतं. मनातून मात्र इतकी आशा वाटली की भीतीच वाटायला लागली.

रविवार उजाडला. संक्रांत तोंडावर आलेली, गच्चीवर पतंगवाल्यांची झुंबड, म्हणून अंगणाच्या टोकाला, भिंतीपाशी वाळूची पेटी मांडून तिच्यावर कागद लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. ह्यांनी बंदूक शिकंज्यात धरून, स्पिरिट लेव्हल लावून दुर्बीण अशी काटेकोर बसवली की वरून राजधानी एक्सप्रेस गेली असती. वर नळीवर लेव्हलचा एक छोटा बुडबुडासुद्धा चिकटवला, तो मधोमध राहिला की बंदूक सरळ.

मी बंदूक उचलली आणि छर्रे सोडले. एक कागदाच्या कोपऱ्यात, एक खाली, एक तर कागदालाच नाही.

“बुडबुडा मधात नाही,” हे म्हणाले. “सरळ धर ना.”

सरळ धरली. मान आखडली, गाल लाकडावर टेकेना, आणि छर्रे आणखीनच पांगले.

“हलून राह्यली तू. बुडबुडा पाह्य.”

“बुडबुडा पाहू का निशाणा पाहू? एकच डोया शिल्लक आहे मले!”

“पण वाकडी धरतं तू बंदूक.”

धरतेच मी वाकडी. पहिल्या दिवसापासून बंदूक माझ्या गालाकडे जराशी कलते, तेव्हाच माझी मान सरळ राहते. आतापर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. माझा पारा चढला, कारण मोनाली कधीही येणार होती आणि हा माणूस मला बुडबुडा शिकवत होता.

“अहो, वळणावर दोन्ही पटऱ्या एका लेव्हलात ठेवता काय तुमी? बाहेरची वर उचलता ना? काऊन उचलता?”

“गाडी उलटू नये म्हणून.”

“मंग गाडीसाठी पटरी वाकडी चालते, अन् बायकोसाठी दुर्बीण वाकडी चालत नाही?”

हे उठले, दोरीला नट बांधला आणि कागदाशेजारी ओळंबा सोडला.

“आता डोळे मिट. तुले जशी सोयीची वाटते तशी धर. मंग उघड.”

मी धरली, तशीच वाकडी, माझी. डोळे उघडले. दुर्बिणीतली उभी रेघ दोरीला छेदून तिरकी गेली होती. ह्यांनी दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू सैल केले आणि दुर्बीण जागच्या जागी फिरवू लागले. ह्यांचा श्वास माझ्या कानाशी, आणि रेघ हळूहळू दोरीवर येत होती.

“थांबा,” मी म्हटलं.

स्क्रू आवळले. मी छर्रे सोडले. सगळे निशाण्याच्या खाली पडले, पण एका ठिकाणी, एकमेकांना चिकटून. कधीही बंदूक न धरलेल्या माणसाला कळणार नाही ते सुख. जागा काय, स्क्रू फिरवून बदलते; एकत्र पडणं हेच खरं. ह्यांनी दुर्बिणीची खुंटी थोडी फिरवली, आणि पुढचा छर्रा काळ्या गोलाच्या मधोमध गेला. त्याच्या मागचाही.

मला रडू फुटलं. हे कागदाजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिले.

“बुडबुडा वाकडाच आहे पण,” म्हणाले आणि हसले.

तेवढ्यात मोनाली आली. दिलेला शब्द कसा मोडायचा? तिनं हौसेनं बंदूक उचलली, खांद्याला लावली, मान इकडे केली, तिकडे केली, डोळे बारीक केले.

“काकू, यात तर... मतलब, काहीच नाही दिसत.”

“मले दिसते,” मी म्हणाले, आणि तिच्या हातातून माझी बंदूक परत घेतली.