दाणा बघून

माझ्या सासूबाईंच्या, शेवंतीबाईंच्या छातीत गाठ निघाली. मॅमोग्राफी म्हणाली कॅन्सर, सोनोग्राफीनंही तीच री ओढली. गाठ दगडासारखी, वरची कातडी आत ओढलेली. सर्जन म्हणाले, "बायोप्सी येऊ दे, पण स्तन काढायची तयारी ठेवा."

आई पुतणीच्या हळदीसाठी हौसेनं शिवलेला मोरपंखी ब्लाऊज घेऊन थेट डोंगरीला गेल्या आणि धाकट्या जावेच्या, रुक्मिणीकाकूंच्या हातात ठेवला. "उसवून तुज्या अंगाला बसवून घे. मना आता काय कामाचा?"

रिपोर्ट काही येईना. लॅबच्या डॉक्टर मनोरमाबाई फोनवर एवढंच सांगायच्या, "पेशी वेगळ्या दिसतायत. अजून एक तपासणी करते, त्याशिवाय सही करणार नाही." माझा नवरा रोहित भडकला. मीही भडकले, खोटं कशाला बोलू? सगळे एक सांगतायत आणि ह्या बाईंचं आपलं तिसरंच!

पाचव्या दिवशी रिपोर्ट मोबाईलवर आला. त्या इंग्रजीच्या जंगलात रोहितला एकच शब्द ओळखीचा दिसला: पॉझिटिव्ह. कोविडपासून आमचं घर त्या शब्दाला टरकून असतं. मोबाईल माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "संजना, संपलं गं."

आईंना घेऊन आम्ही तसेच रिक्षानं काशीमीऱ्याला लॅबमध्ये गेलो. रोहितनं मोबाईल पुढे केला. मनोरमाबाईंनी वाचलं आणि चक्क हसल्या. मला असा राग आला!

"अहो, हा पॉझिटिव्ह चांगला! पेशींना दोन रंग लावले. कॅन्सरचा चढलाच नाही, मज्जातंतूंच्या आवरणाचा चढला, तोच हा पॉझिटिव्ह. साधी गाठ आहे, कॅन्सरचं सोंग घेतलेली. हजारात एखादी सापडते. गाठ तेवढी काढायची, स्तन नाही."

मग त्यांनी आईंना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "पेशींत बारीक दाणे दिसतायत?"

आईंचं बालपण मिठागरावर गेलेलं. बराच वेळ डोळा लावून त्या म्हणाल्या, "दिसतान. मीठ पन असाच पारखायचा, डॉक्टरीनबाय. लांबशी सगलाच पांढरा. दाना बगितल्याबिगर बोलायचा न्हाय."

"मी तेवढंच केलं," मनोरमाबाई म्हणाल्या.

तेवढंच! आम्ही सगळे घाईला आलो होतो, ही एकटी बाई थांबली होती. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले.

बाहेर येताच आईंनी माझा फोन मागून घेतला आणि डोंगरीला लावला. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज चढला होता.

"रुक्मिनी, ब्लाऊज उसवला न्हाय ना? मंग शिलाईला हात लावू नको. हलदीला मीच घालनार हाय!"