तिसऱ्या कोर्टावरची रेघ

व्लास्ता क्रुपिच्कोव्हा पंधरा वर्षं जगभर टेनिस खेळली. जागतिक क्रमवारीत एकाहत्तरावी आली. हॉटेलांच्या बेसिनमध्ये मोजे धुतले, विमानतळांच्या बाकांवर मान अवघडून घेतली, ब्राझीलमध्ये कोर्टात शिरलेल्या भल्यामोठ्या सरड्याला घाबरून सरळ पंचांच्या खुर्चीवर चढली. आणि एवढ्या सगळ्यातलं तिच्या पोदलेसी गावाला काय आठवतं? दोन डबल फॉल्ट!

प्रागच्या फायनलमधले ते दोन. मॅच पॉइंट हातात, अख्खं गाव बिअरचे मग धरून टीव्हीसमोर, आणि बाईंनी लागोपाठ दोन पॉइंटांना दोन्ही सर्व्हिस बाहेर घातल्या. जिंकलेली मॅच गेली. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. पुढे खांदा गेला, खेळणं सुटलं, आणि जिथे सहाव्या वर्षी पहिली रॅकेट धरली त्याच क्लबात व्लास्ता गेल्या हिवाळ्यात मुलींची कोच झाली. तरी बेकरीत रांगेला उभी राहिली की कुणीतरी टोमणा मारणारच, "दोनच रोल घेतेस होय? बरोबर आहे बाई, दोनाचं तुझं जुनं नातं!"

व्लास्ता हसायची. अगदी मनापासून. म्हणजे, बऱ्याचदा.

पण या मे महिन्यात तिचं हसू पार आटलं होतं, आणि त्याला कारण होती रोझार्का.

रोझार्का चौदा वर्षांची. पाय लांब, जीभ त्याहून लांब. बॅकहँड बरा, पळणं ठीकठाक, पण सर्व्हिस! गेल्या शरद ऋतूत ती सर्व्हिस करायला लागली की शेजारच्या कोर्टावरचे पेन्शनर खेळ थांबवून बघत बसायचे. हिवाळाभर शाळेच्या जिममध्येही चेंडू बंदुकीतून सुटल्यासारखा जायचा. आणि एप्रिलमध्ये पोरी बाहेर लाल मातीवर आल्या नि काय बिनसलं कोण जाणे. बाहेर. बाहेर. नेटमध्ये. पुन्हा बाहेर.

"कोचबाई, मला काय झालंय हो?" रोझार्काने रॅकेटची जाळी कपाळावर दाबली. "आई म्हणते वाढीचं वय आहे. माझे हात वाढलेत का एकाएकी?"

"हात नाही वाढले, घाई वाढलीये. बघ, मी करून दाखवते."

व्लास्ताने पाच चेंडू घेतले. पाच सर्व्हिस केल्या. तीन बाहेर!

तिसऱ्या कोर्टाच्या कुंपणापलीकडे ओल्दाकाका झाऱ्याने फुलझाडांना पाणी घालत होते. वय चौऱ्याहत्तर, डोक्यावर कायम कागदी टोपी. क्लबाच्या कोर्टांची निगा तेच राखायचे, आणि खेळून झाल्यावर आपली माती आपणच झाडायची हे व्लास्ताला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं, रॅकेट धरायलाही शिकवायच्या आधी.

"आडातच नाही," काका झारा न थांबवता म्हणाले, "तर पोहऱ्यात कुठून येणार गं पोरी!"

सगळ्या मुली फिदीफिदी हसल्या. व्लास्ताही हसली. पण ते वाक्य बुटात खडा जावा तसं तिच्या आत जाऊन बसलं. खरंच की! आपला रोग आपण या लेकराला लावला. चांगली धडधाकट सर्व्हिस होती, आपल्या हाताखाली आली आणि आजारी पडली.

त्या संध्याकाळी तिने एक चिठ्ठी लिहिली. "मी कोचपद सोडत आहे," एवढंच, आणि खाली सही. घडी घालून ट्रॅकसूटच्या खिशात ठेवली. शनिवारी होर्नी ब्रेझी गावात लीगची पहिली लढत होती. तिथेही रोझार्काची सर्व्हिस कोसळली, तर रविवारी चिठ्ठी क्लबाच्या अध्यक्षांच्या हातात आणि आपण बहिणीच्या फुलांच्या दुकानात. गुलाबांना तरी सर्व्हिस शिकवावी लागत नाही.

शनिवारपर्यंत निदान पहिल्या किंवा दुसऱ्या कोर्टावर सराव मिळेल का, म्हणून तिने पेन्शनरांना विचारूनही पाहिलं. छे! ती दोन कोर्टं बिअरच्या खिडकीला लागून. तिथून त्यांना हलवायला क्रेन आणावी लागली असती. मुलींच्या वाट्याला कोपऱ्यातलं तिसरं कोर्ट, हे ठरलेलंच. सुरुवातीला व्लास्ताची त्यावर काही तक्रारही नव्हती. हे कोर्ट तिच्या स्वतःच्या हातचं होतं! एप्रिलच्या श्रमदानात तिने ते सजवलं होतं.

श्रमदान म्हणजे दर वर्षीचा सोहळाच. हिवाळ्याने उखडलेली माती खरवडायची, विटांची ताजी लाल भुकटी पसरायची, रोलर ओढायचा, रेघांच्या पांढऱ्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकायच्या. दहा तास राबल्याशिवाय कुणालाही खेळता येत नाही, मग तो डॉक्टर असो की जगातला एकाहत्तरावा नंबर. पंधरा वसंत परदेशात घालवल्यावर व्लास्ताला त्या दिवशी कोण आनंद झाला होता! ओल्दाकाकांनी मागच्या रेघा स्वतः ठोकल्या, आपली कापडी टेप तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "सर्व्हिसच्या रेघा तू बघ. नेटपासून सहा मीटर चाळीस. मी जातो, गूलाश करपतोय." टेप काकांच्या वयाची असावी. टोकाला पितळी कडी शिवलेली. व्लास्ताने दोन्ही बाजूंनी तीन-तीनदा मोजलं, जीभ बाहेर काढून नेमके खिळे ठोकले, आणि मग दोन वाडगे तो मांसाचा रस्सा हाणला.

शनिवार उजाडला. गाडीत चार मुली, रॅकेटांचा ढीग आणि पावात घातलेल्या श्नित्सेलचा घमघमाट. रोझार्का मात्र गप्प. रोझार्का! गप्प! बाकीच्या तिघी घाबरून आपसांत कुजबुजायला लागल्या.

होर्नी ब्रेझीच्या पोरी तयारीच्या होत्या. एक सामना त्यांनी घ्यायचा, एक पोदलेसीने, असं करत करत डबल्स धरून हिशेब दोन-दोन बरोबरीत आला. उरला फक्त रोझार्काचा सामना. समोर शार्लोटा, ताडमाड, चेहऱ्यावर असा भाव की जणू ती टेनिस नाही, तिकिटं तपासायला आली आहे.

संघाची कोच म्हणून व्लास्ता कोर्टातल्या बाकावर बसली. खिशातली चिठ्ठी मांडीला टोचत होती.

रोझार्काने पहिली सर्व्हिस केली. आत.

दुसरी. आत, आणि शार्लोटाच्या खांद्याच्याही वर उसळली!

तिसऱ्या सर्व्हिसला तर शार्लोटाची रॅकेट हवेत नुसती फिरली. व्लास्ताने डोळे चोळले. दीड महिना ही पोर चेंडू आत ठेवण्यासाठी धडपडत त्याला फिरकी देत होती, वरून कापत होती, मनगट मोडेपर्यंत वळवत होती. आज तीच फिरकी सापासारखी फणा काढत होती.

बाजू बदलताना रोझार्का बाकावर आदळली. "कोचबाई! इथला सर्व्हिसचा बॉक्स केवढा मोठ्ठा दिसतोय हो! फुटबॉल खेळता येईल!"

"बोलू नकोस, पाणी पी."

"पण खरंच..."

"पाणी!"

पहिला सेट सहा-तीन. दुसऱ्यात पाच-चार, आणि मॅच पॉइंट. सर्व्हिस रोझार्काची. पहिला चेंडू नेटमध्ये गेला.

प्राग! डिट्टो प्राग! तोच पॉइंट, तोच दुसरा चेंडू, तीच जीवघेणी शांतता. व्लास्ताने मान खाली घातली आणि आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिली. नाड्या हिरव्या होत्या. एक सुटली होती.

टप्प... मग काहीच आवाज नाही. चेंडू परत आलाच नव्हता.

"बाहेर!" शार्लोटा ओरडली.

पण लाल मातीवर कुणाच्या ओरडण्याला अर्थ नसतो. चेंडू आपली सही करून जातो. शार्लोटा पोर तशी सच्ची. ती पुढे आली, वाकली, रॅकेटच्या टोकाने ठशाभोवती गोल काढला आणि पडेल आवाजात म्हणाली, "आत आहे. चांगला चार बोटं आत."

मग काय! पोरींनी रोझार्काला उचललं, पाडलं, पुन्हा उचललं. व्लास्ता त्या ठशाजवळ जाऊन उभी राहिली. चार बोटं आत. रोझार्का धापा टाकत तिच्या शेजारी आली.

"कोचबाई, आपल्याकडे हा चेंडू नक्की बाहेर गेला असता. शप्पथ!"

व्लास्ताने ठशाकडे पाहिलं. मग रेघेकडे. मग आभाळाकडे.

"गाडीत बसा," ती म्हणाली. "सगळ्या. आत्ताच्या आत्ता."

पोदलेसीत पोचल्यावर ती थेट ओल्दाकाकांच्या खोपटात शिरली, टेप घेतली आणि तिसऱ्या कोर्टावर उभी राहिली. मोजलं. सहा मीटर चाळीस. पुन्हा मोजलं. सहा मीटर चाळीस, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही!

"काय शोधतेस?" काका सॉसेजला मोहरी लावत आले.

"काका, ही रेघ नेटला जास्तच जवळ आहे. पण टेप म्हणते बरोबर आहे."

"वीस मिळवलेस ना?"

"कसले वीस?"

काकांचा घास हातातच राहिला. "अगं, ही टेप गवत कापायच्या यंत्रात गेली होती. पहिले वीस सेंटिमीटर तुटले, म्हणून मी कडी शिवली. मोजून झालं की वीस मिळवायचे. अख्ख्या क्लबाला ठाऊक आहे!"

"कधी तुटली?"

"झाली असतील चौदा वर्षं."

व्लास्ताने कडीजवळचा पहिला आकडा पाहिला. एकवीस! पंधरा वर्षं जग फिरलेली, तीन-तीनदा मोजणारी बाई मटकन खाली बसली, थेट लाल मातीत, आणि इतकी हसली की पहिल्या कोर्टावरचे पेन्शनरसुद्धा खेळ सोडून आले.

"म्हणजे आडात पाणी होतं काका!" ती डोळे पुसत म्हणाली. "पोहराच तुटका होता!"

रोझार्का मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती. "दीड महिना मी उशीत तोंड खुपसून रडले! आईने मला मॅग्नेशियमच्या गोळ्या चारल्या! आणि हे तुमच्या टेपमुळे?"

"टेपमुळे नाही, माझ्यामुळे," व्लास्ता म्हणाली. "रेघ मी ठोकली. चुकले गं. उद्या सकाळी उखडून नीट करते."

रोझार्काने रेघेकडे पाहिलं. आजची फणा काढणारी सर्व्हिस तिला आठवली असावी, कारण तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"खबरदार हात लावाल तर," ती म्हणाली. "ती रेघ माझी आहे."

"आणि आमचं काय?" बाकीच्या तिघी किंचाळल्या. "आम्ही पण डबल फॉल्ट करतो!"

"तुम्ही आधीपासूनच करायचात!"

यावर जे भांडण जुंपलं ते बाबोव्का केक येईपर्यंत मिटलं नाही. शेवटी ठरलं की एका बाजूची रेघ जागेवर आणायची आणि दुसऱ्या बाजूची मोसमभर तशीच ठेवायची.

व्लास्ताने खिशातून चिठ्ठी काढली, फाडून तिचे दोन तुकडे केले. सहीचा तुकडा चुरगाळून कचऱ्यात टाकला. दुसऱ्याच्या पाठीवर जाड पेनाने लिहिलं, "वीस मिळवा!!!" आणि तो दोऱ्याने कडीला घट्ट बांधला.

"काका, त्यापेक्षा नवी टेप घेऊ या ना. मी आणते," ती म्हणाली.

ओल्दाकाकांनी टेप छातीशी धरली. "का म्हणून? ही चांगली आहे की अजून!"