खालचा थर

वर्गात तिला सगळे गुरुजी म्हणायचे. वय एकोणीस, अंगाने काडी, आवाज बारीक, आणि तरी गुरुजी. पहिल्या सत्रात रसायनशास्त्राच्या चाचणीत निम्मा वर्ग आपटला, तेव्हा जिन्याखालच्या रिकाम्या खोलीत एका जुन्या फळ्यावर तिने शिकवायला सुरुवात केली. यायचं त्याने यावं. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. इलेक्ट्रॉन कुठून निघतात, कुठे जातात, एखादा रेणू दुसऱ्याच्या गळ्यात का पडतो आणि तिसऱ्याकडे ढुंकूनही का बघत नाही, हे ती शेजारपाजारच्या भानगडी सांगाव्यात तसं रंगवून सांगे. पोरं हसायची, आणि हसता हसता त्यांच्या डोक्यात शिरायचं.

तिथे न चुकता येणाऱ्या दोघांपैकी एक लंबू. दारातून वाकून आत येणारा, बाकावर मावत नसल्यामुळे जमिनीवर बसणारा. दुसऱ्या काकू. त्या काही कोणाच्या काकू नव्हत्या. छत्तिशीच्या होत्या, एवढंच. सकाळी दातांच्या दवाखान्यात पेशंटांचे नंबर लावायच्या, अवजारं उकळायच्या आणि दुपारी कॉलेज गाठायच्या. त्यांना लॅब टेक्निशियनच्या कोर्सला जायचं होतं आणि त्यासाठी रसायनशास्त्राचं हे वर्ष सुटायला हवं होतं.

"काकू, तुमची लेक तुमच्याआधी कॉलेज संपवेल," लंबू चिडवायचा.

"संपवू दे की. मग ती शिकवेल मला. गुरुजी तरी किती दिवस पुरणार?" काकू म्हणायच्या.

काकूंचं डोकं हळू चालायचं, पण धरलेलं सोडायचं नाही. एकच गोष्ट त्या चार वेळा विचारत, आणि पाचव्यांदा विचारताना लाजत नसत. गुरुजीला त्याचा कधी कंटाळा आला नाही. उलट काकूंना समजलं म्हणजे आपल्यालाही खरंच समजलं, असं ती म्हणे. प्रयोगाच्या बाबतीत तर तिने सगळ्यांकडून एक गोष्ट घोकवून घेतली होती. "दोन थर वेगळे केले की दोन्ही शेवटपर्यंत जपून ठेवायचे. आपल्याला पक्की खात्री असते ना, तेव्हाच आपण नको ते फेकून देतो."

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गुरुजीच्या आईला तपासणीसाठी दवाखान्यात दाखल केलं. पोटात गाठ होती. ती कसली, ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळणार होतं. गुरुजीने हे कोणाला सांगितलं नाही. परीक्षेला आली तेव्हा तिने केस विंचरले होते, कोट घातला होता, बाहेरून सगळं जागच्या जागी होतं.

तिचं आणि काकूंचं टेबल एकच होतं. प्रत्येकीला एक बाटली मिळाली. आत ईथरमध्ये विरघळलेले दोन पदार्थ, त्यातला एक आम्ल. तोटीच्या नरसाळ्यात हे मिश्रण ओतायचं, सोड्याचं पाणी घालून हलवायचं, म्हणजे आम्ल खालच्या पाण्यात उतरतं. तोटी उघडून ते पाणी काढून घ्यायचं, त्यात थेंबाथेंबाने दुसरं कडक आम्ल सोडायचं, की पांढरे स्फटिक खाली बसतात. ते गाळायचे, वाळवायचे, वजन करून दाखवायचे. गुरुजीने हे सगळ्या वर्गाकडून फळ्यावर करून घेतलं होतं.

तिने तोटी उघडली, खालचं पाणी चंचुपात्रात घेतलं आणि खिडकीबाहेर बघत ते बेसिनमध्ये ओतून दिलं.

कळलं तेव्हा तिचा हात अजून बेसिनवरच होता. काचेच्या कडेवरून शेवटचा थेंब ओघळत होता. तिने मागे वळून टेबलाकडे पाहिलं. नरसाळ्यात फक्त ईथर उरला होता, आणि त्यात तिच्या कामाचं काही नव्हतं.

काकूंनी ते पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या पात्रात नुकतंच पांढरं धुकं धरायला लागलं होतं, मग धुक्याचा कापूस झाला, कापसाचे बारीक चकचकीत दाणे झाले. त्या बघत राहिल्या. वर्षभरात त्यांच्या हातून असं काही झालं नव्हतं. त्यांनी सावकाश गाळलं, वाळवलं. मग शेजारी थिजून उभ्या असलेल्या पोरीकडे बघून काचेच्या तबकडीवर चमच्याने मधोमध रेघ मारली आणि अर्धे स्फटिक तिच्या तबकडीत सारले.

"काकू, नको," गुरुजी पुटपुटली.

"गप. वर्षभर तू दिलंस."

तिने ते घेतले.

बाहेरून आलेले परीक्षक टेबलाटेबलाने फिरत होते. त्यांनी दोघींच्या स्फटिकांचं वजन बघितलं आणि थांबले. "बाकीच्यांचं याच्या दुप्पट भरलंय. आणि इथे ओला गाळणकागद एकच दिसतो. माल एकीचा आणि वाटेकरी दोघी, असं आहे का हे? कोणी कोणाकडून घेतलं?"

प्रश्न दोघींना होता. विचारताना ते बघत होते काकूंकडे.

"सर, ही आमच्या वर्गातली पहिली," बरोबरचे कॉलेजचे सर गुरुजीकडे बोट दाखवून हळूच म्हणाले.

"मी काही घेतलेलं नाही," काकू म्हणाल्या.

"म्हणजे हिने घेतलं?"

काकूंनी गुरुजीकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, धमकी नव्हती. त्या फक्त थांबल्या होत्या. "ते तिलाच विचारा," त्या म्हणाल्या.

बोलायचं, आत्ता बोलायचं, असं गुरुजीच्या मनात होतं. आधी आईचा चेहरा आला, मग वडिलांचा, मग सगळा वर्ग माना वळवून बघतोय हे दिसलं.

"मला माहीत नाही, सर," ती म्हणाली.

घेतलं ते काकूंनीच, असं परीक्षकांनी धरलं. काकूंचं प्रात्यक्षिक रद्द झालं आणि वर्षभर परीक्षेला बसायला बंदी आली. गुरुजीला तोंडी ताकीद देऊन सोडलं. काकूंनी कोट काढला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि निघून गेल्या.

दुपारी आईचा रिपोर्ट आला. गाठ साधी होती, पण ऑपरेशन करावं लागणार होतं. वडिलांनी हुश्श केलं. आईने विचारलं, "पेपर कसा गेला गं?" गुरुजी म्हणाली, "छान."

पुढचे दिवस तिने घर आणि दवाखाना सांभाळला. आईचं अंग पुसलं, वेळच्या वेळी गोळ्या दिल्या. जेवणाचं ताट मात्र ती अर्धवट सोडून उठायची. वडिलांना वाटायचं, पोरीने आईचं फार मनाला लावून घेतलंय.

एक दिवस लंबू भेटायला आला. पायरीवर बसून म्हणाला, "काकूंकडून ही अपेक्षा नव्हती. अगं, मागितलं असतं तर तू दिलंच असतंस. चोरायचं कशाला? सगळे तेच बोलतायत."

"कोण सगळे?"

"सगळेच. त्यांच्या त्या दातांच्या दवाखान्यातपण कोणीतरी जाऊन सांगून आलं म्हणे."

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या आधीच गुरुजी विभागप्रमुख बाईंच्या दारात उभी होती. टेबलावर जे घडलं ते काही न वगळता तिने सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आज का सांगतेस?"

"लोक त्यांना चोर म्हणतायत."

"ते त्या दिवशीही म्हणणारच होते." बाईंनी परीक्षेची फाइल पुढे ओढली. "देणं हाही गुन्हाच, पण घेण्याइतका नाही. त्यांना उन्हाळ्यात पुन्हा बसता येईल. वर्षभर तू बसायचं नाहीस. आणि 'माहीत नाही' म्हणालीस, त्याचं काय करायचं हे मात्र आमच्या नियमांत कुठे लिहिलेलं नाही."

तिथून ती थेट दातांच्या दवाखान्यात गेली. गाल सुजलेली माणसं बाकावर ओळीने बसली होती. काकूंनी तिला पाहिलं, पण आधी हातातला पेशंट आत सोडला. मग दोघी मागच्या बोळात उभ्या राहिल्या. बाईंशी झालेलं सगळं गुरुजीने सांगितलं.

"सांगितलंस ते बरं केलंस," काकू म्हणाल्या. "उन्हाळ्यात बसेन मी."

"काकू, मला माफ करा."

"तुला माहितीये मला काय लागलं? चोर म्हणाले ते नाही." काकूंनी भिंतीला हात टेकला. "ते स्फटिक माझे होते गं. पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी नीट झालं होतं. म्हणून तर तुला देता आले. आणि तू म्हणालीस, माहीत नाही. तुला माहीत नाही? शिकवलंस तूच ना मला?"

आतून कोणीतरी हाक मारली आणि काकू गेल्या.

उन्हाळ्यात काकूंनी लंबूला बरोबर घेऊन तयारी केली. गुरुजीला बोलावलं नाही. त्या पास झाल्या. मार्क काही वाखाणण्यासारखे नव्हते, पण कोर्सला प्रवेश मिळाला. हे गुरुजीला लंबूकडून कळलं.

मग एका संध्याकाळी काकू अचानक घरी आल्या. आईचं लांबलेलं ऑपरेशन नुकतंच झाल्याचं त्यांना कुठूनसं कळलं होतं. सफरचंदं घेऊन आल्या, आईच्या उशाशी बसल्या, टाक्यांची चौकशी केली, चहा घेतला. आईला त्या आवडल्या. कॉलेजचा विषय त्यांनी काढला नाही, आईने काढला तेव्हा हसून दुसरीकडे वळवला. निघताना गुरुजी जिन्यापर्यंत गेली.

"तुमचा राग गेला का?" तिने विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "जाईल. पण तू घाई नको करूस." आणि कठड्याला धरून त्या खाली उतरल्या.

गुरुजी परत आत आली. आई उशीला टेकून बसली होती. "चांगली आहे गं बाई. आता नव्या वर्षात तुझ्या वर्गात नसेल ना ती?"

"मीही नसेन, आई," गुरुजी म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसून तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. आई पांघरुणाची कड बोटांनी चाचपत राहिली.

"आत्ता इथे बसून चहा पिऊन गेली, तीच ही?"

"हो."

"मी दवाखान्यात होते म्हणून तुझ्या हातून असं झालं, असं कोणाला म्हणालीस का तू? कॉलेजात, तिला, कोणाला?"

"नाही."

"म्हणू नकोस," आई म्हणाली.